मशीनवालीची बोंब

वाघ नाल्यात होता आणि सारं गाव नाल्याकडे धावत होतं. खांबावरचा भोंगा कोकलत होता. पोरांनी मोबाईल वर धरले होते, बाप्यांच्या हातात काठ्या होत्या. नाल्याच्या पलीकडे माझी सून रेखा एकटी वाकून कापूस वेचत होती. गर्दी अलीकडून गेली की वाघ पलीकडून निघणार, हे कळायला शाळा लागत नाही. गर्दीसमोर काडीसारखी एक मुलगी दोन्ही हात पसरून ओरडत होती, "मागे फिरा! अहो, मागे फिरा!" तिला कोणी विचारलं नाही. तो भोंगा तिनंच बसवला होता.

वाघ पलीकडे चढला, त्यानं रेखाला खाली पाडलं, खांद्यावर पंजा मारला आणि जंगलात गेला. त्याला रेखा नकोच होती. त्याला वाट हवी होती.

ही मशीनवाली मूळची नागपूरच्या धरमपेठेतली. पारशिवनीच्या पुढे जंगलाला लागून आमचं गाव आहे, तिथे ती कॅमेरे घेऊन आली. तिनं मला सगळं समजावलं. कॅमेऱ्यासमोर जनावर आलं की मशीन ते ओळखतं, आणि वाघ असला तर भोंगा वाजवतं. मी चौथी शिकले, पण मला समजलं. तिची सांगायची तऱ्हाच तशी होती. सांगता सांगता ती उठून उभी राहायची, हात हलवायची, चहा सांडायची. मोबाईलवर फोटो आला की उडी मारायची. "आजी, बघा! रानडुक्कर! त्यानं बरोबर ओळखलं!"

"डुक्कर मलेही ओळखू येते," मी म्हटलं.

"पण तुम्ही रात्रभर नाल्यात बसाल का?"

हे मात्र खरं होतं. एकदा कुंपणावर वाळत टाकलेल्या माझ्या पट्ट्यापट्ट्याच्या गोधडीला तिच्या मशीननं वाघ ठरवलं. मला वाटलं, पोरगी ओशाळेल. ती पोट धरून हसली, आणि मशीनला गोधडी शिकवते म्हणून दिवसभर त्या गोधडीचे फोटो काढत बसली. चूक सापडली की तिला सण असल्यासारखं व्हायचं.

रेखाच्या वेळी ती हसली नाही. तिच्याच गाडीतून रेखाला नागपूरला नेलं. दवाखान्यात ती माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिली. रडली असती तर मी तिला बाहेर काढलं असतं. ती रडली नाही, एवढंच म्हणाली, "मशीननं वाघ बरोबर ओळखला, आजी. मी गाव ओळखलं नाही."

रेखा खांद्याला टाके आणि हात गळ्यात घेऊन घरी आली, तशी विहारात बैठक बसली. माझा मुलगा तापला होता. "उखडून टाका तो खांब! माह्यी बायको मेली असती." गावाचंही तेच मत होतं. मशीनवालीनं हात जोडले नाहीत की माफीचं भाषण केलं नाही. सगळ्यांना जयभीम केला आणि आमच्याकडून उचललेला शब्द वापरून विचारलं, "भोंगा वाजल्यावर तुम्ही तिकडे काहून गेले?"

मग एक म्हातारा म्हणाला, "बोंब उठली तर जा लागते, मॅडम. कोणी विहिरीत पडते, कोणाचा गोठा पेटते. घरात बसला त्याच्या तोंडावर गाव थुंकते."

"म्हणजे कुठलीही बोंब उठली तरी धावायचं?"

"नाही वं," रेखा कोपऱ्यातून बोलली. "आग्या उठला तर कोण जाते पाहाले?"

सगळे हसले. मशीनवालीला काही कळेना. रेखानंच सांगितलं, "आग्या मोहोळ, मॅडम. त्या माश्या उठल्या तर बैल मारते. एकजण वरडते, शेजारचा तेच वरडते, अन् सारं गाव दार लावून बसते. तिथं कोणी फोटो काढत नाही."

मशीनवाली ताडकन उठली. "मिळालं!"

"काय मिळालं? पागल झाली पोरगी," माझा मुलगा म्हणाला. पण खांब राहिला.

भोंग्याचा आवाज तिनं काढून टाकला. त्या जागी माणसाचा आवाज पाहिजे, तोही ज्याच्यावर गाव दार लावतं असा. मोहोळाचं झाड माझ्या घराजवळ आहे, त्यामुळे आग्या उठला की पहिली हाक माझीच. तिनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. मी नीट, शुद्ध बोलले. "असं नाही, आजी. शेळी तुमच्या अंगणात शिरते तेव्हा ओरडता तसं."

मग मी ओरडले. "घरात व्हा गा मेल्यांनो! दारं लावा! नाल्यात वाघ हाये!" शेतातल्या खांबासाठी दुसरी हाक, "उभ्या राहा वं! एका जागी या! पळू नका!" ती इतकी खूश झाली की तिनं माझा गालगुच्चा घेतला. या वयात.

पुढे तिला दूर देशातून बोलावणं आलं. तिकडे शेतात हत्ती शिरतात. "तिथं जाऊन पहिले काय करशील?" मी विचारलं.

"आधी बसेन, आजी. तिथले लोक कशाला घाबरून दार लावतात ते विचारीन. मशीन नंतर."

जाण्याआधी तिला कापूस वेचायची हौस आली. रेखा तिला आणि शेजारच्या बायांना घेऊन पलीकडे गेली. मी अंगणात गहू निवडत होते, तेवढ्यात खांबावरून मीच ओरडले. शेजारणीनं तेच ओरडलं, तिच्या शेजारणीनं तेच. कडी, कडी, कडी. गल्लीत एक पोरगं मोबाईल घेऊन निघालं होतं, त्याला आईनं शर्टाला धरून आत ओढलं. सून शेतात होती, तरी मीही दार लावलं. मीच सांगून मीच धावले असते तर गाव माझ्यामागे आलं असतं. दाराआड मी उभी राहिले. बसवेना.

शेतातलं रेखानं नंतर सांगितलं. हाक ऐकून बाया उठल्या, खांद्याला खांदा लावून नाल्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मशीनवाली मधोमध उभी राहून मोबाईल काढत होती.

"ठेव वं तो!" रेखा तिच्यावर खेकसली. "समोर पाह्य!"

वाघ बांधावर आला. त्यानं बायांकडे पाहिलं. मागे वळून गावाकडे पाहिलं. तिकडे कोणी नव्हतं, वाट मोकळी होती. तो आला तसा नाल्यात उतरला आणि गेला.

मशीनवाली दुसऱ्या दिवशी हत्तींच्या देशात गेली.

त्या दिवशी रेखा वाचली, मशीनवाली वाचली, शेतातल्या साऱ्या बाया वाचल्या. वाघही वाचला.