सोनघाटची बंद पत्रं

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात दरवर्षी कुणीतरी प्रवासवर्णन लिहितं. मागच्या वर्षी एका वहिनींनी काश्मिरात थंडी असते ही गोष्ट सात पानांत सांगितली. यंदा पाळी माझी. माझे गुडघे मला घमापुरच्या बाजारापलीकडे नेत नाहीत, तरी मी सोनघाट नावाचं एक गाव पाहून आले. ते नकाशावर शोधू नका. ते माझ्या भाचीच्या, ऋचाच्या, संगणकात आहे.

चेरीतालच्या माझ्या घरून सकाळी नऊला निघाले. माझी फुगलेली पिशवी पाहून रिक्षावाल्याने विचारलं, "माताजी, कहीं बाहर जा रही हैं क्या?" पिशवीत दोन चष्मे, पाण्याची बाटली, गुडघ्याचं तेल आणि दशम्या होत्या. "हाँ भैया, नर्मदा किनारे एक गाँव है," मी म्हटलं, "पर आप विजय नगर तक छोड़ दो." त्याने वळून पुन्हा एकदा पिशवीकडे पाहिलं.

विजय नगरला तिच्या घरी पोचताच ऋचाने पोहे आणि खोव्याची जलेबी (इथली काळपट, जाडजूड जलेबी) पुढे ठेवली आणि कामाचं सांगितलं. दोन वर्षं खपून तिने संगणकावरचा हा सोनघाटचा खेळ बनवला आहे. त्यात मारामारी नाही, शत्रू नाही. धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या गावात शिरायचं, घरं हिंडायची आणि तिथल्या माणसांचं काय झालं ते शोधायचं. तिचा पुण्यातला भागीदार निखिल म्हणतो, एवढ्यावर कुणी बसून राहणार नाही, हातात बंदूक द्या. शेवटी असं ठरलं की कधीच खेळ न खेळलेल्या एका माणसाला बसवायचं. ते आपणहून शेवटापर्यंत टिकलं तर बंदूक नाही. निकाल निखिलला आजच कळवायचा होता. ते माणूस म्हणजे मी.

"आत्या, मी काही बोलणार नाही हं. फक्त पाहून राहीन," म्हणत ती वही घेऊन बाजूला बसली.

तिथे एका हाताने मान हलवावी लागते आणि दुसऱ्या हाताने पाय. पहिली पंधरा मिनिटं मी नुसतं आभाळ पाहिलं. मग उलट्या पावलांनी घाटावर पोचले. घाट मात्र देखणा. मोहाची झाडं, संथ पाणी, किनाऱ्याला डोंगा (लहान होडी), आणि पायऱ्यांवर टपालाची लाल पेटी. डोंग्यात एक म्हातारा होता. "सब चले गए, बाई. आप भी देख लो, फिर पानी आ जाएगा," तो म्हणाला. मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा हेच सांगितलं. आमच्या कॉलनीचे सचिवही असंच बोलतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

पहिल्याच घराचं दार उघडं होतं. मी अंगणात थांबले. बराच वेळ गेला.

"आत्या, आत जा न. काहून उभी आहे?" ऋचाला राहवलं नाही.

"कोणी 'या' म्हणेल म्हणून वाट पाहून राहिली."

"कोणी नाहीये तिथे."

"मग तर मुळीच नाही जायचं."

तिने सुस्कारा सोडून वहीत काहीतरी लिहिलं. शेवटी मी गेले. चपला काढायचं बटण विचारलं, तर ते केलेलंच नव्हतं. आत चूल, चुलीवर उघडं पातेलं, आणि खाटेवर एक पत्र. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, पत्रावरचं नाव पाहून ते परत जागेवर ठेवलं आणि बाहेर येऊन दार लोटलं. अशी अकरा घरं केली. सगळं गाव टापटीप झालं, पण तिथल्या माणसांचं काय झालं ते काही कळेना.

"आत्या, चिठ्ठ्या उघड न. सगळी कहानी त्यातच आहे."

"दुसऱ्याची पत्रं आहेत ती."

"अच्छा, पण गेम आहे न हा."

चौतीस वर्षं मी टपालाच्या छाननीत काढली. लोकांची लग्नं, भांडणं, नोकऱ्या माझ्या हातून गेल्या, त्यातलं एकही पत्र मी उघडलं नाही. हात कुठून वळणार? ऋचाने वही मिटली. "मग निखिलच बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पोरीची जलेबी खाऊन मी तिच्याच दोन वर्षांवर पाणी फिरवत होते.

तेव्हा एक नियम आठवला. घेणारा सापडत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, असं पत्र आमच्या खात्यातली एक नेमलेली कचेरी उघडते, तेही पत्ता सापडण्यापुरतंच. इथे अकरा दारं बघून झाली होती, म्हाताऱ्याची तीनदा साक्ष झाली होती. "कचेरी म्हणून उघडते," मी ऋचाला बजावलं, "वाचायला म्हणून नाही." पत्ते नेमके शेवटच्या ओळीत असायचे, त्यामुळे अख्खी पत्रं वाचावी लागली. त्याला माझा इलाज नव्हता.

गोष्ट दोन बहिणींची निघाली. सुखिया थोरली, फूलमती धाकटी, दोघींच्या घरांत एकच भिंत. सुखिया गाव सोडायला आधी तयार झाली, म्हणून फूलमतीने बोलणं टाकलं. मग मीठ मागायचं तरी शेजारणीच्या हाती चिठ्ठी. आधी मला थोरलीचा राग आला, चार पत्रांनंतर धाकटीचा. दशम्या मी तिथेच, डोळे न हलवता खाल्ल्या. गुडघ्याचं तेल राहूनच गेलं.

शेवटचं पत्र फूलमतीच्या कोनाड्यात मिळालं. पाकीट चिकटवलेलं, तिकीट लावलेलं. 'सुखियाबाई, नई बस्ती, घर नंबर सात.'

"हे उघडलं की संपलं," ऋचा पुढे सरकली.

"पत्ता पूर्ण आहे, तिकीट आहे. हे नाही उघडता येत. टाकायचं आहे."

मी ते घेऊन घाटावर गेले. पेटी नुसती शोभेची. मी तिच्याभोवती फिरले, दुसरी पेटी असेल म्हणून गावाला चक्कर मारली, म्हाताऱ्याला विचारलं. तेवढ्यात निखिलचा फोन आला. ऋचाने तो स्पीकरवर लावला.

"संपवला का त्यांनी?"

"नाही."

"कंटाळल्या ना?"

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. "पाच घंटे झाले. उठूनच नाही राहिली. चिठ्ठी टाकायला पेटी शोधून राहिली."

"घाटावर आहे ना एक?"

"आहे. पण उघडत नाही."

"मग बंदुकीचं राहू दे. आधी पेटी उघडायचं बघ."

ऋचा हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. मला तेव्हाच कळलं की आपण गुडघे आखडून बसलोय.

परतीच्या रिक्षात विजय नगर मागे पडलं, तरी मी सोनघाटलाच होते. चौतीस वर्षांत कुणाच्या पाकिटात काय आहे असं कधी मनात आलं नाही, आणि आता न बोलणाऱ्या एका बहिणीने दुसरीला काय लिहिलं असेल, याने जीव खालीवर होत होता. लांब जाऊन आलेली माणसं म्हणतात तिकडची माणसं विसरता येत नाहीत. मी आजवर त्यांना मनात हसत असे.

घरी पोचते तोच ऋचाचा फोन. "आत्या, त्या चिठ्ठीत काय आहे सांगू?"

"नको. आधी सुखियाला पोचू दे."

"सुखिया तर गेममध्ये आहेच नाही न आत्या. तिचं फक्त नाव आहे."

"मग तिचं सात नंबरचं घर बांध," मी म्हटलं. "चिठ्ठी पोचेल तेव्हा दारात ती हवी."