काठ भरणारा आवाज

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि वाचताना मनात कारणं शोधत बसते – झोप झाली नसेल, भास असेल, कोणीतरी मस्करी केली असेल. माझ्या बाबतीत जे झालं त्याचंही कारण खूप शोधलं. मी मुळात फार बोलणारी नाही, त्यामुळे हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी चार वर्षांची होते. घराच्या पुढच्या खोलीत हातमाग, त्यावर बाबा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची लुगडी विणायचे आणि जुन्या व्हॅनमधून भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याकडे नेऊन द्यायचे. सगळी लुगडी चांगलीच असायची, पण एका काठासाठी लोक मुद्दाम थांबायचे. तो काठ आईचा होता. तिच्या माहेरून आलेला, कागदावर कुठेच नसलेला, फक्त तिच्या तोंडात असलेला. असा काठ भरायला दोन माणसं लागतात. एक जण मागे बसून सांगतो – कोणत्या रंगाचा दोरा, किती, कुठे एक सोडायचा – आणि पुढचा मागावरच्या फणीच्या एकेका फटीतून तो दोरा ओढून घेतो. आई सांगायची, बाबा ओढायचे.

मी नववीत होते तेव्हा आई आजारी पडली. बसवेना, तेव्हा तिने खाटेवर पडून तो सगळा काठ टेपरेकॉर्डरमध्ये सांगून ठेवला. “दोन लाल. एक सोडा. तीन पांढरे.” मध्ये थांबायची, बाबांना दोरा ओढायला वेळ मिळावा म्हणून. दोन महिन्यांनी ती गेली. कॅसेट राहिली. त्यात ना माझं नाव होतं ना बाबांचं, नुसते दोरे. पण आईचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढंच होतं.

खरं तर फणी पुन्हा भरायची वेळ फारशी येत नाही. एक ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, संपत आला की जुन्या दोऱ्यांच्या टोकांना नवे दोरे वळून जोडायचे, जुनं पूर्ण कापून टाकायचं नाही. बाबांनी वर्षानुवर्षं असंच ओढत आणलं. पण हे सगळं घडलं त्या वर्षी उंदरांनी फणीसकट सगळं कुरतडलं. त्यात बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू. ते म्हणाले, “एक लुगडं तुह्यासाठी काढतो, तुह्या आईच्या काठाचं. मंग माग बंद.”

आणि नेमका टेपरेकॉर्डर बंद पडलेला. भंडाऱ्यात विचारलं तर दुकानदार हसले. मग मी ऑनलाइन शोधलं. हातात मावेल असा कॅसेट प्लेयर मिळाला, कॅसेटमधलं पेनड्राइव्हवर उतरवून देणारा. खालचे रिव्ह्यू वाचले – ‘चांगला आहे’, ‘आवाज घोगरा येतो’, ‘माझी टेप खाल्ली’. शेवटचा मी वाचला आणि पुढे गेले. त्याच पानावर गाडीत लावायचा प्लेयर सवलतीत दिसला, तोही घेतला. व्हॅनमधला कित्येक वर्षं मुका होता.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. अनोळखी नंबर मी उचलत नाही. फोन वाजत राहतो, मी त्याच्याकडे बघत राहते. पार्सलवाल्याने चार वेळा फोन केला, मी चारही वेळा बघत राहिले, पार्सल परत गेलं. पुन्हा मागवलं. बाबा रोज विचारायचे, “आलं काय, गुड्डी?” मी म्हणायचे, कंपनीचा उशीर आहे.

शेवटी आलं. बाबा बाजारात गेले होते. त्यांना येऊ द्यायला हवं होतं. पण मला वाटलं, ते येईपर्यंत आईचा आवाज सुरू करून ठेवावा. कॅसेट घातली, बटण दाबलं. “दोन लाल...” एवढं आलं, मग आवाज जाड झाला, आणि आत टेपचा गुंता झाला. ओढून काढताना ती तुटली.

बाबा आले. चष्मा लावला, टेपची दोन्ही टोकं बोटांत धरली, आणि दोरा जोडतात तशी वळून, ताण्याला लावायची भाताची खळ लावून जोडली. टेपला चिकटपट्टी लावतात, खळ चालत नाही, हे मला माहीत होतं. मोबाइलवर एका मिनिटात त्यांना दाखवता आलं असतं. पण त्यांची बोटं इतकी खात्रीने चालली होती, आणि तोडली मी होती... मी गप्प बसले. खळ पसरली, टेपचे वेढे एकमेकांना चिकटले. त्यानंतर त्या कॅसेटमधून नुसती खरखर यायची. मी ती खरखरही पेनड्राइव्हवर उतरवून पुन्हा पुन्हा ऐकली, आवाज वाढवून ऐकली. काही नव्हतं. पेनड्राइव्ह पुसून टाकला.

बाबा आठवेल तसा काठ भरू लागले. मागे बसून मी दोरे देत होते, पण मला काय माहीत. लहानपणी तो आवाज कितीदा तरी कानावर पडला, मी कधी लक्ष देऊन ऐकलाच नाही. काठ बराच भरला आणि एके दिवशी ते थांबले. म्हणाले, “कुठंतरी चुकून राहिलो. कुठं, ते समजून नाही राहिलं.” आठ दिवस फणी तशीच अडकली. एकही धागा विणला गेला नाही.

मग ती दुपार. भंडाऱ्याला आधीची विणून ठेवलेली लुगडी द्यायला गेलो होतो, जाताना गाडीचा प्लेयरही सोबत नेला. बसवून देणारा मिस्त्री म्हणाला, “ऑनलाइन घेतलं ना ताई? मंग वायरबी ऑनलाइनच जोडून घ्यायचे होते.” बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. चालतो का बघायला मी पर्समधला पेनड्राइव्ह लावला. तोच, पुसलेला. पडद्यावर निळ्या अक्षरांत ‘नो फाइल’ आलं. चालतो म्हणजे झालं, गाणी घरी भरू म्हणून तो तसाच ठेवून निघालो.

परतताना वाटेतलं कोंढा गाव यायला थोडा रस्ता उरला होता. दुपारचे तीन असतील. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, ऊन स्वच्छ. प्लेयरमध्ये आधी बारीक खरखर झाली.

“दोन लाल. एक सोडा. तीन पांढरे.”

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे नाही बघितलं. गाडीचा वेग कमी होत गेला आणि ती रस्त्याच्या कडेला थांबली. आवाज चालू होता, मध्ये तसाच थांबत, दोरा ओढायला वेळ देत. बाबांचे ओठ हलत होते. आणि मग असं काहीतरी आलं, जे त्या कॅसेटमध्ये कधीच नव्हतं.

“थांबा. डाव्या हातचा अकरावा अन् बारावा उलटे भरले तुम्ही. मांगं घ्या.”

पुन्हा दोरे सुरू. बराच वेळ. त्यानंतर खाट करकरल्यासारखा आवाज आला, एक श्वास, आणि जवळून –

“आता शेवटचे रायले. गुड्डी, आयक, हे तू...”

मी प्लेयर बंद केला.

का केला, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे. भीती वाटली, हे खरं. पण नुसती भीती नव्हती. कोणी अचानक मलाच उद्देशून बोललं की माझा हात आपोआप ते बंद करायला जातो. तसाच गेला.

बाबा एवढंच म्हणाले, “काहून बंद केलं?”

मी घाईने बटण दाबलं, पुन्हा चालू केला. ‘नो फाइल’. पेनड्राइव्ह काढून लावला, गाडी बंद करून सुरू केली, सगळं केलं. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले. मागून एका ट्रकने हॉर्न दिला तेव्हा त्यांनी गाडी काढली.

घरी आल्यावर पाय न धुता ते मागावर बसले. डावीकडून बोटाने मोजलं. अकरावा आणि बारावा दोरा खरोखरच उलटे होते. हे बाबांनाही माहीत नव्हतं, मला तर कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते सरळ केले आणि गाडीत ऐकलेलं जसंच्या तसं पुढे भरलं. शेवटचे राहिले. मी म्हटलं, अंदाजाने भरू या ना. ते म्हणाले, “तिनं सांगतलं तेवढंच.”

उरलेल्या फटींत त्यांनी साधे दोरे ओढले. त्यामुळे माझ्या लुगड्याच्या काठाला आतल्या बाजूने दोन बोटं रुंदीची साधी पट्टी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघणाऱ्याला ती नक्षीच वाटते. मला ती काय आहे ते माहीत आहे.

कारणं सगळी तपासून झाली. बाबांचा फोन साधा बटणांचा, माझ्या फोनमध्ये आईचं काही नाही. पेनड्राइव्हमधून पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर तीच चाळीस मिनिटांची खरखर मिळाली. विकणाऱ्याला ईमेल केला की प्लेयर आपोआप आवाज करतो, तर दहा दिवसांत परत करा असं उत्तर आलं. मी केला नाही. भास म्हणावा तर तो दोघांना एकच कसा झाला, आणि त्या दोन दोऱ्यांचं काय... मला सांगता येत नाही.

माग आता बंद आहे. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, गाडी अजून तेच चालवतात. प्लेयरमध्ये तो रिकामा पेनड्राइव्ह तसाच आहे. कोणाला गाणी भरू देत नाहीत. कोंढा जवळ आलं की प्लेयर चालू करतात, गाव मागे पडलं की बंद करतात. माझ्याशी त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

अनोळखी नंबर मी आता उचलते. बहुतेक लोनवाले असतात. तरी त्यांचं बोलून संपेपर्यंत मी फोन ठेवत नाही.