फक्कीच्या भिंती

माझं घर मी स्वतः आखलं. हे वाक्य मी अभिमानानं लिहीत नाही, जबाब म्हणून लिहितो आहे.

गेली एकवीस वर्षं मी मुलचेऱ्यात गणित शिकवतो, आणि तितकीच वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली. त्या घरात सगळं होतं, फक्त स्वयंपाकघर नव्हतं. घरमालकानं ओसरीच्या टोकाला एक टिनाचा पत्रा आडवा ठोकून दिला होता आणि त्याला तो न लाजता 'किचन' म्हणायचा. माझी बायको सुनंदा त्या पत्र्याआड अंग चोरून भाजी चिरत आली. त्यामुळे आम्ही प्लॉट घेतला तेव्हा तिनं एकच अट घातली.

"हॉल कसाबी करा, रंग कोन्ताबी मारा. मले सयपाकखोली बारा फुटाची पाहिजे. पाय पसरून बसता आलं पाहिजे."

"बारा म्हनजे बारा! लिहून देऊ का?"

"लिहून नका देऊ. आखून द्या."

प्लॉट अरुंद आणि लांब होता, म्हणून घर एका ओळीत बसवलं. पुढे हॉल, मग आईची खोली, मग आमची, मग माझी आठ फुटी अभ्यासिका आणि शेवटी सुनंदाची बारा फुटी सयपाकखोली. नकाशा मी स्वतः आलेखाच्या कागदावर काढला. आम्ही बौद्ध माणसं, मुहूर्त पाहत नाही. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून रविवार धरला. सकाळी प्लॉटवर त्रिशरण-पंचशील म्हटलं, आईनं पहिली खुंटी ठोकली (दोन घाव खुंटीवर, तिसरा माझ्या अंगठ्यावर!) आणि मी कामाला लागलो.

खुंट्या आणि दोरी तुळशीराम मिस्त्रीनं आणली होती. मी त्याला बाजूला सारलं आणि नीट समजावून सांगितलं, की कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फूट मोजायचे, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन टोकांमधलं तिरपं माप बरोबर पाच आलं की कोपरा काटकोनात आहे असं समजायचं. याला प्रमेय म्हणतात!

"आम्ही याले गुण्या मिळवणं म्हनतो, सर," विडी पेटवत तो म्हणाला. "माहा बाप बी असाच मिळवे. त्याले सही नव्हती येत."

माझ्या संतापाला त्या दिवशी इथून सुरुवात झाली, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

दुपारपर्यंत मी दोरी ताणून तिच्यावरून चुन्याची फक्की सोडत गेलो. काय त्या रेघा! पांढऱ्याशुभ्र, सरळ, एकही वेडीवाकडी नाही. जिथं दार येणार तिथं मी रेघ तोडून जागा मोकळी ठेवली होती. मिस्त्रीनं उरलेल्या फक्कीचं पोतं कडेला ठेवलं आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "सर, एक आयका. खोदाची मशीन उद्या सकाळी येते. तोवर घरच्या मानसायले इथी येऊ देऊ नका. आखलेलं घर साऱ्यायले लहान दिसते. मंग लोकं बिघडते."

"मिस्त्री, माझ्या घरची माणसं सुशिक्षित आहेत!" (रागावलो की मी प्रमाण मराठीत बोलतो.)

"म्हून तं सांगून राह्यलो," म्हणत तो गेला.

सुशिक्षित माणसं तीन वाजता आली. आई, सुनंदा, कॉलेजात शिकणारी आमची मुलगी प्राजक्ता, आणि हे घर पाहायला खास वरोऱ्याहून बस बदलत आलेली माझी मोठी बहीण शांताबाई. शांताबाई हॉलच्या मधोमध उभी राहिली, चारीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मयतीला आल्यासारखा झाला.

"प्रल्हाद, हे घर हाय का कोंबड्यायचं खुराडं?"

"चौदा फूट आहे, बाई! तुह्या वरोऱ्याचा हॉल बाराच फुटाचा आहे!"

"तो तं मोठा दिसते."

"त्याले भिंती आहेत म्हून!"

"मंग याले काऊन नाई?"

उघड्या आभाळाखाली कोणतीही खोली चटईएवढीच दिसते, हे मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत आईलाही तिची खोली चटईएवढी दिसायला लागली होती. माझा पलंग यात मावणार नाही, असं तिनं जाहीर केलं. मी टेप लावून दाखवला. टेपवर आईचा विश्वास नाही.

"पलंगच आन," ती म्हणाली.

आणला! शेजाऱ्याची बंडी मागून, बैल जुंपून, भर उन्हात पलंग प्लॉटवर आणला. फक्कीच्या चार रेघांमध्ये तो ठेवला. आई त्यावर आडवी झाली, कुशीवर वळली आणि म्हणाली, "मावते." एवढ्यावर उठावं की नाही? पण वारा छान सुटला होता. मोकळ्या प्लॉटात म्हातारी डोळे मिटून पडलेली पाहून रस्त्यानं जाणारे थांबायला लागले, आणि मुलचेऱ्यात एक माणूस थांबला की पाठोपाठ दहा थांबतात.

बघता बघता माझं न बांधलेलं घर पाहुण्यांनी भरलं. जवळच्या बंगाली निर्वासितांच्या गावातले बिस्वासदा आले. त्यांनी फक्कीची रेघ जिथं तुटली होती तिथं चपला काढल्या आणि विचारलं, "सरजी, दरवाजा इधर से है ना?" एक गृहस्थ सरळ रेघ ओलांडून आत आले, तर आई पलंगावरून कडाडली, "अवो, भिंतीतून काऊन येऊन राह्यले? दार नाई दिसत का?" तो बिचारा ओशाळला, मागं फिरला आणि रीतसर दारातून आला! मीही कमी नव्हतो. हॉलमधून सयपाकखोलीत जायचं तर चार दारांतून वळसे घेत जात होतो, आणि वाटेत एकाला "भिंतीवर पाय ठेवू नका" असं दरडावत होतो.

सुनंदानं शेवटच्या खोलीत तीन विटांची चूल मांडून सगळ्यांना चहा केला. चहा देऊन झाल्यावर ती खाली बसली आणि तिनं पाय पसरले. पुढं आणखी कितीतरी जागा शिल्लक होती. एकवीस वर्षांत तिला स्वयंपाकाच्या जागी असं बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. मला खरोखर भरून आलं.

पाचच्या सुमारास ती रात्रीचा स्वयंपाक करायला घरी गेली. पलंग बंडीवर चढवून मीही तिच्या मागोमाग गेलो. बाकीच्या तिघी "जरा हवा खातो" म्हणून प्लॉटवर थांबल्या.

मी परत आलो तेव्हा दिवस मावळायला टेकला होता आणि तिघी ओळखीच्यांकडे बसायला गेल्या होत्या. मशीन यायच्या आधी एकदा डोळे भरून घर पाहावं, म्हणून मी खोल्यांतून फिरलो. आमच्या खोलीत आलो आणि थबकलो. दहा फुटांची खोली सहा फुटांची झाली होती! टेप लावला. सहाच!

चोरी! भरदिवसा, एका गणिताच्या शिक्षकाच्या घरातून, चार फूट चोरी! घर बांधून झाल्यावर चोर येतात हे ऐकलं होतं, पाया खोदण्याआधी आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी चपलेनं आमच्या खोलीची पलीकडची रेघ पुसली, चार फूट पुढं सरकवली आणि खोली पूर्ववत दहाची केली. अर्थातच त्यामुळे अभ्यासिका चार फुटांनी आखडली. मग तिचीही रेघ पुढं घेणं भाग होतं. चार फूट घेतली. आणि फक्की हातात होतीच, तर पुस्तकांच्या कपाटासाठी आणखी दोन फूट घेतली. अंधार पडत होता, त्यामुळे पलीकडे किती उरलं ते मोजलं नाही. पलीकडे तर सुनंदाची एवढी मोठी खोली होती!

सकाळी सातला मशीन आलं. मी शाळेत रजा टाकली होती. तुळशीराम अजून पोचायचा होता.

"सर, एक डाव मोजून पाहाचं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आखणी माही आहे. तू खोद!"

नऊ वाजेपर्यंत सगळे चर खोदून झाले आणि फक्की मातीत मिसळून गेली. साडेनऊला सुनंदा पोह्याचा डबा घेऊन आली. चरांवर टाकलेल्या फळ्यांवरून एकेक खोली ओलांडत ती शेवटच्या खोलीत गेली, डबा ठेवला, खाली बसली आणि पाय पसरले.

तिच्या टाचा चरात लोंबायला लागल्या.

तिनं खाली चराकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "आवो, माही खोली कोणं खाल्ली?"

मी पेटलो! सगळ्यांना चराच्या काठावर ओळीत उभं केलं आणि वर्गात शाई सांडल्यावर करतो तशी चौकशी सुरू केली.

"मी दोनच फूट सरकवले," शांताबाई म्हणाली. "हॉलमधी पाव्हने बसते. माह्यासाठी घेतले का मी?"

"शांतीनं ते माह्या खोलीतून घेतले," आई म्हणाली. "मी माहे दोन परत घेतले. अन् एक फूट पेटीसाठी."

"बाबा, मी आजीच्याच खोलीत राहणार ना," प्राजक्ता म्हणाली. "माह्या टेबलासाठी एकच फूट घेतला."

मी बेरीज केली. दोन आणि एक तीन, आणि एक चार. पण बाराची खोली सहावर आली होती! माझा आवाज चढला. "अजून दोन फुटांचा हिशोब लागत नाही! ज्यानं कोणी घेतले असतील त्यानं कबूल करावं! तोपर्यंत इथून कोणी हलणार नाही!"

कोणी हललं नाही. तेवढ्यात येऊन पोचलेला तुळशीरामसुद्धा सायकल धरून उभा राहिला. मग प्राजक्ता हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या चपलीले फक्की लागून हाय."

तुम्हाला वाटेल मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो. ते दोन फूट मी चोरीत धरलेच नव्हते! दुसऱ्यांनी घेतले ती चोरी आणि मी घेतले ती माझ्या कपाटाची गरज, असा माझा साधा हिशोब होता. आणि आम्ही चौघं मिळून जिची खोली खात होतो, ती त्याच वेळी घरी आमच्यासाठी भात आणि वांग्याची भाजी रांधत होती. मला चरात उतरून उभं राहावंसं वाटलं.

"चर बुजवून दुसरा खोदता येईल का?" मी तुळशीरामला विचारलं.

"बुजवता येते, सर. पन भरल्या मातीवर भिंत ठेवली तं बसते खाली."

सुनंदा उठली. फळीवरून अभ्यासिकेत आली, माझ्या नव्या, ऐसपैस, दहा फुटी अभ्यासिकेत. तिथं बसून तिनं पाय पसरले. टाचा जमिनीवरच राहिल्या.

"ही माही," ती म्हणाली.

"अगं, पण ती अभ्यासिका..."

"तुमची तिकडं." तिनं शेवटच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"पन हे तं दहाच फूट हाय," शांताबाई मध्येच बोलली. "तुले बारा पाहिजे होते ना?"

"दोन फूट माफ केले," सुनंदा माझ्याकडे पाहत म्हणाली आणि पोह्याचा डबा उघडला.

आता घर बांधून तीन वर्षं झाली. अभ्यासिकेत माझं टेबल आहे. शिवाय तिथं भरलेला सिलिंडर आहे, रिकामा सिलिंडर आहे, तांदळाची कोठी आहे, आणि नकाशात मागचं दार शेवटच्या खोलीला असल्यामुळे अंगणात जाणारं-येणारं सगळं घर आहे. मी तिला निक्षून अभ्यासिका म्हणतो. बाकीचे तिला कोठीची खोली म्हणतात. हा मजकूर लिहिताना सुनंदानं मला आतापर्यंत चार वेळा उठवलं आहे, कारण त्या खोलीत एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तो बहुतेक वेळा मी नसतो.