घरावरची शिल्लक

बातमी आली तेव्हा मी टायपिंगच्या क्लासात होते. दारात बाबा उभे राहिले, नुसती मान हलवली, आणि मला कळलं... दस्तगीरचाचा गेले. आठवडाभर दवाखान्यातच होते. आता महिना होऊन गेलाय, रडायचं तेवढं रडून झालंय, म्हणून आज मी सांगणार आहे ते त्यांच्या जिंकण्याचं. कारण आमचे चाचा जिंकून गेलेत!

चाचा गवंडी, शिवाजी पेठेत आमच्या शेजारी. बाबा ज्या फौंड्रीत कामाला आहेत तिथं एकदा ते भिंत बांधायला गेलते. वितळलेल्या लोखंडाचा रस लगेच निवू नये म्हणून त्यावर भाताच्या तुसाची राख पसरतात. ते बघून चाचा थापी हातात तशीच धरून उभे. "जी राख ऊब आत धरती, ती ऊन बाहेर न्हाय धरणार व्हय?" बाबा हसले. "चाचा, लोकांच्या घरावर राख घालणारा पयला मिस्त्री तुमीच की!"

झालं, पेठेत नाव पडलं, राखेचा मिस्त्री. पण चाचा ऐकतायत होय! चंदगडच्या भातगिरणीतनं एसटीच्या टपावर टाकून राखेची पोती आणली, त्यात चुना आणि थोडं सिमेंट कालवलं, स्वतःच्या न्हाणीच्या स्लॅबवर चार बोटं जाड थर घातला, वर फरशी. भर उन्हाळ्यात न्हाणी गार! तरी कुणी घर देईना. राखेचं नाव काढलं की बायका अंगावर यायच्या. दोन वर्षं अशी गेली. शेवटी चाचा मला म्हणाले, "पोरी, एक घर मिळू दे गं. एकच. न्हायतर मी आपला येडाच म्हणून मरणार."

मी कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, तुसाच्या राखेत बहुतेक सगळी सिलिका असते, वाळूत आणि काचेत असते तीच, फक्त हिच्यात बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा अडकते, म्हणून उष्णता पुढं सरकत नाही. मी पळत येऊन एका दमात चाचांना सांगितलं. ते नुसते "बरं, बरं" म्हणाले.

मग माझ्या मैत्रिणीचे वडील, कुरुंदवाडचे अण्णा, तयार झाले. जैन शेतकरी, नवीन स्लॅबचं घर, आणि वरच्या खोलीची उन्हाळ्यात भट्टी. आम्ही गेलो तर काकू दारातच. "राख? भरल्या घरावर? वाटोळं करायला आलायसा व्हय आमचं?"

चाचा घाईनं पुढं झाले. "राख न्हवं वैनी. शिल्लक! कालेजातल्या सरांनी नाव सांगितलंय. घरावर शिल्लक घालायची."

काकू एकदम थांबल्या. "शिल्लक व्हय? मग घाला की!"

सरांचा शब्द हा नव्हता, पण मी घाईनं चपला काढून आत शिरले.

अण्णांनी मात्र अट घातली. "मे म्हयन्यात दुपारी बाराला वरच्या खोलीत पंगत बसवतो, मिस्त्री. एकाला जरी घाम आला तर समदं उकरून न्यायचं."

थर घातला, मे उजाडला, आणि ठरल्या दिवशी वर पुरणपोळीची पंगत, आणि चाचा खाली जिन्यापाशी, पाण्याचा घोटही न घेता. आधी वरनं हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. मग ते कमी झाले... मग काहीच नाही. चाचांचा चेहरा पांढराफटक. धावत वर गेले, मागनं मी. बघतोय तर अण्णांसकट सगळी पंगत भिंतीला टेकून गाढ झोपलेली! कपाळं कोरडी! काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मिस्त्री, आता उठवा यांस्नी तुमीच!" चाचा हसता हसता रडायलाच लागले.

येताना एसटीत मी सांगितलं, "चाचा, सिलिका. शिल्लक नव्हे."

"आगं, समदं जळून मागं जे ऱ्हायलं, त्याला दुसरं काय म्हणायचं?"

त्या दिवसापासनं मीही शिल्लकच म्हणते.

त्यानंतर घरावर घरं मिळत गेली. आमचंही झालं, बाबांनी स्वतः पोती वर चढवली! चाचांच्या खोलीत, खाटेशेजारच्या भिंतीवर, त्यांनी कोळशानं प्रत्येक घराचं नाव लिहिलंय, मोडक्या अक्षरात, एकाखाली एक. परवा मी गेले तर चुना मारायला माणूस आलेला. चाचींनी त्याला हात आडवा केला.

"एवढी भिंत सोड बाबा. खाली अजून जागा हाय, फुडच्या घरांस्नी."

आणि कोळसा माझ्या हातात दिला.