दोन विहिरी आणि टिपणीससर

आमच्या विज्ञान केंद्रात आलेल्या पाहुण्याला टिपणीससर पाणी प्यायला देण्याआधी दाखवत असत. लोणावळ्याला हवा खायला आलेली मंडळी हातात चिक्कीचे पुडे घेऊन सहज आत डोकावत. सर त्यांच्याच थर्मासमधला एक थेंब काचेवर घेत, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत आणि बाजूला होत. "बघा, तुमच्याकडे कोण कोण राहतं ते." एकदा मुंबईच्या एका बाईंनी आत पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि निघूनच गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान येऊन सांगून गेले की दुपारपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नाही. सर एकदम उठले. "उकळून घ्या म्हणून सांगायचं राहिलंच की!" आणि तसेच भर पावसात, छत्री न घेता, त्यांच्या हॉटेलवर गेले.

केंद्र म्हणजे एका शेटजींनी दिलेला कौलारू बंगला. सर तिथले संचालक, व्याख्याते आणि गळकं कौल बदलायला शिडीवर चढणारे गडीही. उंच, किडकिडीत माणूस. सदऱ्याच्या बाहीवर कायम कसला तरी डाग. सरकारी प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून आले होते. का सोडली असं विचारलं तर म्हणत, "तिथे मी साहेबांसाठी पाणी तपासत होतो, इथे पिणाऱ्यांसाठी तपासतो." लोणावळ्याच्या पावसात भिंतींवर बुरशी चढे. शाळेची मुलं आली की सर तिच्याकडे बोट दाखवून ओळख करून देत, "हे आमचे कायमचे विद्यार्थी. सुट्टीतसुद्धा घरी जात नाहीत."

मी तिथे सहायक म्हणून लागले ते बी.एस्सी. झाल्यावर. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा मी शाळेत होते. पुढे नोकरीसाठी जिथे जिथे गेले तिथे एक प्रश्न ठरलेला असे: "गायकवाड म्हणजे कुठले गायकवाड?" उत्तर दिलं की समोरचा माणूस कागद आवरायला लागे. टिपणीससरांनी विचारलं ते वेगळंच. "पाऊस, जळवा आणि माझा स्वभाव, तिन्ही सोसतील का?" मी हो म्हटलं. पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता घेतली आणि वर "तिखट कमी आहे, गायकवाडबाई" अशी नावंही ठेवली. घरी जाऊन आईला हे सांगताना मला रडू आलं होतं.

पाणी तपासण्याच्या कामात ते फार कडक होते. बाटलीवर गावाचं नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची, असा त्यांचा नियम. विहीर कुणाची ते कळलं की हात आपोआप लबाडी करतो, असं त्यांचं म्हणणं. "बाटलीला आपलं मत ठाऊक नसतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझी धाकटी बहीणसुद्धा घरी त्यांची नक्कल करून ते म्हणायची.

तर आता एका गावाची गोष्ट. मावळातलंच गाव आहे, नाव लिहीत नाही. आमच्या केंद्राच्या समितीचे अध्यक्ष त्या गावचे. मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. खेडोपाडी जायला आम्ही जीप वापरायचो ती आबांची, आणि केंद्राच्या नव्या इमारतीसाठी पुण्याला खेटे घालणारेही आबाच. एका वर्षी पाऊस सरता सरता त्या गावात हगवणीची साथ आली. गावातली माणसं आजारी पडत होती. ओढ्यापलीकडे बौद्धांची वाडी होती, तिथे कुणी आजारी नव्हतं. वाडीला गावविहिरीवर पाणी भरू देत नसत, म्हणून तिथल्या लोकांनी स्वतः खणून आपली वेगळी विहीर बांधली होती. तरी गावात बोललं जाऊ लागलं की रोगराई वाडीतूनच आली. भातकापणी तोंडावर होती. दरसाल वाडीतल्या बायकांना कापणीला बोलावणं जाई. त्या वर्षी ते गेलं नाही.

आबांनीच सरांना पाणी तपासायला बोलावलं. दोन्ही विहिरींच्या बाटल्या भरून आम्ही केंद्रात आणल्या. परीक्षा सोपी असते. काचेच्या नळीत जांभळट रस असतो, त्यात पाणी घालून ऊबेत ठेवायचं. पाण्यात विष्ठेची घाण असेल तर रस पिवळा पडतो आणि आत हवेचा बुडबुडा धरतो. दुसऱ्या दिवशी एका विहिरीच्या साऱ्या नळ्या पिवळ्या झाल्या होत्या, दुसरीच्या जशाच्या तशा. सरांनी खुणा पाहिल्या. पिवळ्या नळ्या गावविहिरीच्या होत्या. ते पुन्हा स्वतः गेले, पुन्हा पाणी आणलं, पुन्हा तेच निघालं. कारणही त्यांनी पाहून ठेवलं होतं. गावविहिरीच्या वरच्या अंगाला आबांचा गोठा होता, आणि त्यामागच्या उकिरड्यातलं पाणी पावसाळाभर खाली झिरपत होतं.

आबा केंद्रात आले. सरांनी त्यांना सगळं सांगितलं. आबा चिडले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "सर, खोटं बोला असं मी म्हनत न्हाई. दोन्ही हिरीत औषध टाका, येवढंच सांगा. गावच्या हिरीचं पानी देवाला जातं. तिच्यात घान आन् वाडीची साफ, असं तुमी देवळाम्होरं बोललात, तर उद्या गावात माझं कोन ऐकंल? आन् माझं कुनी ऐकलं न्हाई, तर तुमच्या इमारतीचं काम कोन करनार?"

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. आबा गेल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "औषध तर दोन्हीकडे पडणारच आहे ना? पाणी साफ होईल, माणसं बरी होतील. परिणाम तोच, गायकवाडबाई."

"आणि कापणी, सर?"

"कसली कापणी?"

मी सांगितलं. त्यांना ते खरंच माहीत नव्हतं. ते खिडकीशी गेले, तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "ते हळूहळू होईल."

देवळापुढे सभा भरली. गाव पारावर आणि पायऱ्यांवर, वाडीची माणसं लांब वडाखाली. मी टेबलाजवळ सरांच्या शेजारी बसले होते. सरांनी जंतू म्हणजे काय ते समजावून सांगितलं, नेहमीसारखं छान, गमती करत. मग म्हणाले, "तर दोन्ही विहिरींत ब्लिचिंग पावडर टाकावी."

वाडीतल्या सखूमावशी वडाखालून पुढे आल्या. म्हातारी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. "साहेब, घान कंच्या हिरीत हाय, ते सांगा की."

सरांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "पावसाळ्यात, मावशी, सगळ्याच पाण्याची... थोडीफार काळजी घ्यावी लागते."

पारावर कुणीतरी हसलं. त्या हसण्याचा अर्थ सगळ्यांना कळला, सरांनाही. मी मान खाली घातली. ज्या माणसाने मला माणसासारखं वागवलं त्याची मला लाज वाटत होती, आणि आपल्याला त्याची लाज वाटावी याची त्याहून जास्त.

पुढे काही आठवड्यांनी, केंद्रात शाळेची मुलं आलेली असताना, त्या गावचा एक माणूस दूध घालायला लोणावळ्यात आला होता तो आत आला. त्याने सांगितलं की देवळाच्या गुरवाची धाकटी मुलगी, मंजुळा, हगवणीने गेली. अजून शाळेतही घातलं नव्हतं तिला. सर मुलांना तारेवर बसवलेले ग्रहमालेचे गोळे दाखवत होते. त्यांनी ते तसेच टेबलावर ठेवले आणि बाहेर पडले. मी मुलांना त्यांच्या गुरुजींच्या ताब्यात दिलं आणि सरांच्या मागे एसटी स्टँडवर गेले. जीप मागवू का म्हटलं तर म्हणाले, "ती जीप नको."

गुरव ओट्यावर बसला होता. सर त्याच्यापुढे उभे राहिले, आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाले, "तुमच्या विहिरीचं पाणी खराब होतं. वाडीचं चांगलं होतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

गुरवाने वर पाहिलं. "म्हाईत व्हतं?"

"हो."

एखादा हिशेब लागत नसावा तसा तो पुटपुटला, "आमी आपल्या हिरीत पावडर टाकलीच न्हाई म्हना की. देवाच्या पान्याला वास येतो म्हनून मीच नगं म्हनलं. समदं पोतं वाडीच्या हिरीत रिकामं केलं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तुमी सांगितलं असतं तर टाकली असती, सर."

तो ओरडला असता तर सरांना सोसलं असतं. ते वळले आणि देवळाकडे निघाले.

देवळापुढे जी काही माणसं होती त्यांच्यापुढे त्यांनी सगळं मोठ्याने सांगितलं. गावविहीर, वाडीची विहीर, उकिरडा, सगळं. माणसं जमत गेली. आबाही आले. "सरांचं मन हाललंय," ते लोकांना म्हणाले, "मयताच्या घरनं आल्यात. त्यांना बसाया द्या." एक तरुण मात्र पुढे झाला. "तवा येक सांगितलं, आज येक सांगताय. तवा खोटं बोललात का आता?"

"बरोबर विचारलंस," सर म्हणाले. "तेव्हा खोटं बोललो."

"मंग आता कशावरनं खरं?"

आयुष्यभर ज्याच्या शब्दावर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला होता तो माणूस तिथे तसाच उभा राहिला, आणि माणसं एकेक करून पांगली.

मग आम्ही ओढा ओलांडून वाडीत गेलो. सखूमावशी अंगणात शेणी थापत होत्या. सरांनी त्यांनाही तेच सांगितलं आणि हात जोडले. "मावशी, मला माफ करा."

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. "देवळाम्होरं सांगून आलासा?"

"हो."

"बरं केलंत. पन भात घरात आलं की समद्यांचं. आमच्या सुना खडी फोडाया गेल्या तिकडं, घाटात. ल्येकरं घेऊन गेल्यात." त्यांनी घाटाकडे हात केला. "माफी कशापायी मागता? त्या दिशी मी तुमाला इच्यारलं व्हतं. लय धीर करून इच्यारलं व्हतं."

मावशींनी मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कुनाची गं?" मी वडिलांचं नाव सांगितलं, लोणावळ्याची वस्ती सांगितली. त्यांनी हं म्हटलं, आणि त्यापुढे मला काहीच विचारलं नाही. आतून तांब्या आणून दोघांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, "अंधाराच्या आत येष्टी गाठा. पुन्यांदा गाडी न्हाई."

सरांनी राजीनामा दिला. समितीने तो प्रकृतीचं कारण दाखवून मंजूर केला. केंद्राची नवी इमारत पुढे झाली, उद्घाटनाला पुण्याहून मोठी माणसं आली, आणि आबांचं भाषण झालं. गोठा हलला, पण गावविहीर खराब होती हे कुणी कधी कबूल केलं नाही. पुढच्या हंगामात वाडीतल्या बायकांना पुन्हा कापणीचं बोलावणं गेलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी ते काम सोडून तळेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

सर पुण्यात लेकीकडे राहायला गेले होते. अधूनमधून मी भेटायला जाई. ते हसत, चौकशी करत, पण स्वतःहून केंद्राचं नाव काढत नसत. दुसऱ्या कुणी काढलं, "अहो, तुम्ही खेड्यापाड्यांत केवढं काम केलंत," असं कौतुकाने म्हटलं, की मात्र त्यांचा चेहरा बदले. ते त्या माणसाला बसवत आणि सगळी हकिगत सांगत, मंजुळाच्या नावासकट. शेजारी, दूधवाला, लेकीच्या सासरची माणसं, कुणी सुटलं नाही. एकदा त्यांची लेक माझ्याजवळ रडली. "बाबांना आवरा हो. लोक येईनासे झालेत." मी काय आवरणार होते?

सत्तरीच्या दशकात आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं तेव्हा मी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. खूप थकले होते, काठी घेऊन आले. मुख्याध्यापकांनी ओळख करून देताना म्हटलं, "मावळच्या खेड्याखेड्यांत विज्ञान पोहोचवणारे थोर..." आणि सर उठून उभे राहिले. ओळख अर्धवटच राहिली. त्यांनी मुलांना ती गोष्ट सांगितली, सोप्या शब्दांत, एकही सबब न देता. शेवटी म्हणाले, "मला एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. एवढंच." आणि खाली बसले.

मुलांना भाषण संपलं एवढं कळलं. पाहुण्यांचं भाषण संपलं की काय करायचं ते आम्हीच त्यांना शिकवलं होतं. सगळं पटांगण टाळ्यांनी भरून गेलं. सर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"त्यांना थांबायला सांगा हो, गायकवाडबाई," ते म्हणाले. "टाळ्या नका वाजवू म्हणावं."

मी उठले, हात वर केला. मागच्या रांगांतल्या मुलांना वाटलं, बाई आणखी जोरात म्हणतायत.