वहिनीची रिकामी कळशी

वहिनी आज सकाळी गेली.

शेवटचं वर्ष अंथरुणावर होती. डॉक्टर म्हणायचे, थोडं चाला.

हा सल्ला तिला आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत होता.

पहिल्यांदा मिळाला तो नव्वदच्या आसपास. आमचं हसनाबादचं घर. लग्नानंतर पाच वर्षांनी वहिनीला दिवस गेल्ते. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे. रोज अर्धा तास मोकळं चालायचं, ओझं उचलायचं नाही.

आता आमच्या गावात बाई मोकळी चालत नसे. कामाला चालायची.

रिकाम्या हातांनी दिसली की चार जण विचारणार, "कुठं चालली?"

वहिनीने तोडगा काढला. कमरेवर कळशी घ्यायची. रिकामी. हापशावरून पुढे चिंचेपर्यंत जायचं आणि तशीच परत यायचं. पोटातल्याशी गप्पा मारत.

मी नणंद. सतरा वर्षांची, घरातली हुशार.

एकदा जेवताना मी जोक मारला, वहिनी रोज हापशावर जाते आणि कळशीत हवा भरून आणते.

सगळे हसले. वहिनी सोडून.

आई म्हणाली, "जाऊनच राह्यलीस तर भरून आण ना मंग."

वहिनीने डॉक्टरीणबाईंचं नाव काढून पाहिलं. आईने सांगितलं, तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी डोक्यावर दोन-दोन हंडे आणलेत.

मी भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवसापासून वहिनी कळशी भरून आणू लागली.

सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशामुळे ते सांगता येत नाही.

घराला मात्र लगेच सांगता आलं. रोजचं ते फिरणं भोवलं म्हणे.

कळशीचं नाव कोणी घेतलं नाही. मीही नाही.

वहिनीचं फिरणं बंद झालं. पुन्हा दिवस राहिले नाहीत.

पुढे माझ्या दोन्ही प्रेग्नन्सीत मी भरपूर चालले. पाण्याची बाटली घेऊन मागून कोण यायचं? आई.

वहिनी दारातून बघायची.

तीस वर्षांत या विषयावर ती एकदाच बोलली. गेल्या दिवाळीत, मी तिचे पाय चेपत असताना.

"वन्सं, मी कळशी अर्धीच भरत होते. कोणालाच सांगितलं न्हाई."

मग थोड्या वेळाने, "अर्ध्यानं बी होतं का हो तसं?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मला बोलता येतं. तेव्हा मात्र मी नुसते पाय चेपत राहिले.

जा वहिनी. रिकाम्या हातांनी जा.

कुठं चालली, असं कोणी विचारणार नाही.