कागदावर सारखे दोन पाय

आमचे हे बसडेपोत ब्रेकचे फिटर. डेपोचा चौघांचा रिलेसंघ होता आणि त्यात शेवटची धाव ह्यांची. शंभर मीटर अकरा सेकंदांत काढायचे, म्हणून डेपोत नाव पडलं रॉकेट. लग्न ठरताना माझ्या आईने विचारलं होतं, "संसारातून पळून नाही ना जाणार?" तेव्हा हे कानापर्यंत लाल झाले होते. आता काही बोला, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

डाव्या मांडीच्या मागचा स्नायू दोनदा फाटला. दुसऱ्या वेळी तीन महिने घरी होते. मग डॉक्टरांनी टेबलावर पालथं झोपवलं, घोट्याला पट्टा लावला आणि एकेक पाय दुमडून ओढायला सांगितला. दोन्हींचे आकडे जवळपास सारखे आले. तंदुरुस्त म्हणून शिक्का बसला. पण मैदानात उतरले, तर वेळ अर्ध्या सेकंदाने जास्त.

संघाचा कॅप्टन टायरखात्यातला. तोंडाचा फटकळ. "पाय बरा झालाय, कागद सांगतोय. मग अंग कुणासाठी राखतोस?" असं चारचौघांत म्हणाला. हे म्हणायचे, "पूर्ण जोर लावतोय रे." कुणी ऐकलं नाही. पुढे ह्यांनी म्हणणंच सोडलं. संघातून नाव गेलं आणि रॉकेटची मालगाडी झाली.

मीही काही कमी केलं नाही. एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन हे जिना सावकाश चढत होते. मी दारातूनच ओरडले, "घरात तरी अंगचोरपणा करू नका!" शेजारीण फिसकन हसली. ह्यांनी सिलिंडर जागेवर ठेवला आणि हात धुतले.

त्याच सुमारास एक संशोधक मुलगी मैदानावर आली. तिला जुनी दुखापत झालेले धावपटू हवे होते. कॅप्टननेच ह्यांचं नाव पुढे केलं. म्हणाला, "आम्हाला फसवलंस, आता यंत्राला फसवून दाखव." मी सोबत गेले. खोटं कशाला बोलू, मलाही चोरी पकडायचीच होती.

तिने दोन्ही मांड्यांच्या मागचे केस काढून तिथे स्नायूचा जोर टिपणाऱ्या चकत्या चिकटवल्या आणि ह्यांना तीनदा पळवलं. मग पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. पाय हवेतून पुढे येतो आणि जमिनीला टेकणार, त्याच्या अगदी आधी मागच्या स्नायूला जोरात आवळून पायाला लगाम घालावा लागतो. उजवा आवळत होता. डावा नेमका तेव्हाच ढिला पडत होता. "सगळ्यांचं असं होत नाही," ती म्हणाली, "पण ह्यांचं होतंय. टेबलावर झोपवून हे दिसत नाही."

"म्हणजे हे मुद्दाम करत नाहीत?"

"मुद्दाम? अहो, ह्यांना पत्ताही नाहीये."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिने त्या रेघा छापून दिल्या. म्हटलं, हा कागद त्या कॅप्टनच्या तोंडावर मारा. ह्यांनी नुसता नेऊन दाखवला. त्याने डोकं खाजवलं. "मग पायाचे व्यायाम कर आणि ये, घेऊ परत," म्हणाला. हे "बघू" म्हणाले. दोन महिने झाले. रोज डबा घेऊन डेपोत जातात, ब्रेक बसवतात, घरी येतात. मैदानाकडे फिरकले नाहीत.

परवा हे शर्टाचं बटण लावत बसले होते. मला राहवलं नाही.

"अहो, चुकलं माझं. नको ते बोलले मी तुम्हाला."

"असू दे."

"असू दे काय? रागवा तरी माझ्यावर!"

ह्यांनी दोरा दातांनी तोडला.

"तुझ्यावर काय रागवू? तुम्ही सगळे एकेकदा म्हणालात. मी वर्षभर प्रत्येक पावलाला स्वतःला तेच म्हणत होतो."

"पण आता कळलं ना, तसं नव्हतं?"

"कळलं," हे म्हणाले. "पण पटत नाही."